नळ फुस्स करतो तेव्हा: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

नवीन घर बांधलं, गच्चीवर सोलर बसवला, वास्तुशांत झाली, पाहुणे गेले. सकाळी तुम्ही न्हाणीत उभे आहात, गरम पाण्याची चावी पूर्ण फिरवलीय आणि नळातून नुसतं ‘फुस्स’ येतंय. अभिनंदन! तुमच्या पाईपानं हवा धरली.

साहित्य लिहून घ्या. एक पाना, एक उदबत्ती, एक जुनी सतरंजी, खाली न्हाणीत थांबून ओरडणारा एक माणूस आणि पाणी. पाणी शेवटी लिहिलं, कारण आमच्या लातुरात ते शेवटीच मिळतं. नांदेडकरांच्या उशाला गोदावरी आणि विष्णुपुरीचा शंकरसागर. त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. आमचं पाणी मांजरा धरणाचं, तेही बीड जिल्ह्यातल्या धनेगावचं, आणि नळाला कधी आठ तर कधी दहा दिवसांनी. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी या गावानं पाहिलंय. दहा वाघिणी, एकेकीत सुमारे ५० हजार लिटर. अशा गावात ‘गच्चीवरची गार पाण्याची टाकी काठोकाठ भरा’ असं लिहिताना हात अडखळतो. पण भरा. अर्ध्या टाकीवर हवा निघत नाही.

आता हवा शिरते कशी ते बघू. टाकी तळाला गेली की पाईप रिकामा होतो आणि रिकाम्या पाईपात हवा घर करते. नंतर पाणी आलं तरी ती सगळी निघत नाही. तुमच्या प्लंबरनं गरम पाण्याचा पाईप कठड्यावरून उंटाच्या पाठीसारखा वर नेऊन खाली उतरवला असेल, तर त्या कमानीत ती ठाण मांडून बसते. तिला ढकलायला आपल्याकडं जोर किती? टाकीतल्या पाण्याची पातळी कमानीपेक्षा एक मीटर उंच असली तर दाब चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.१ किलो. टाकी दोन मीटर वर असली तर ०.२. एवढ्याशा जोरावर बुडबुडा हलत नाही. कठड्याला भोक पाडून पाईप सरळ उतारानं नेला असता तर हे मार्गदर्शन लिहावं लागलं नसतं. पण नव्या कठड्याला भोक पाडू द्यायला मालकाचा जीव होत नाही, हेही खरं. प्लंबरला शिव्या घालताना अर्ध्या स्वतःसाठी राखून ठेवा.

सोलर भरायची वेळ सूर्योदयाआधीची. यात तडजोड नाही. त्याच्या काचेच्या कोरड्या नळ्या उन्हात दीडशे-दोनशे अंशांपर्यंत तापतात. त्यात गार पाणी गेलं की तडकतात. आमच्या एका पाहुण्यांनी भर दुपारी एकला सोलर भरला. का, तर नळाला पाणी एकला आलं. आलेलं पाणी सोडायचं कसं? नळ्या तडकल्या तेव्हा ते खाली बादल्या भरत होते, त्यामुळं आवाजही ऐकू आला नाही. दुपारी पाणी आलं तर हौदात घ्या, नळ्यांवर सतरंजी टाका आणि पहाटेची वाट बघा. आठ दिवस थांबलात, अजून एक रात्र.

भरायला लागलात की सोलरच्या टाकीवरच्या उभ्या व्हेंट पाईपाकडं जा. त्याचं तोंड गार पाण्याच्या टाकीपेक्षा उंच आणि उघडं हवं. चिमण्या-गांधीलमाश्या शिरतात म्हणून पुष्कळ जण त्यात चिंधी कोंबतात. ती आधी काढा. तोंड बंद असलं तर भरताना हवा निघत नाही, आणि टाकी उपसली की आतली हवा ताणून पत्रा चेपतो. मग पेटती उदबत्ती तोंडाशी धरा. धूर बाजूला ढकलला जातोय तोवर टाकी भरतेय. धूर सरळ वर जायला लागला की झालं.

तरी खालून फुस्स येतच असेल, तर न्हाणीतल्या माणसाचं काम सुरू. मिक्सर नळाच्या तोंडावर तळहात घट्ट दाबायचा आणि गरम-गार दोन्ही चाव्या उघडायच्या. गार पाण्याला बाहेर वाट नाही. ते गरम पाईपात उलटं घुसतं आणि हवेला कमानीवरून व्हेंटाकडं हाकलतं. टाकीतलं पाणी कमानीपेक्षा उंच असेल तरच हे जमतं. यावेळी घरात असा संवाद होतो:

“आलं का ओ?”

“नाही! नुसतं थुकायलंय!”

“हात दाबून धर!”

“मग तुम्हीच या की खाली!”

थुकणं हे शुभलक्षण समजा. दोन-चारदा थुकून धार बांधते.

ही विद्या परदेशातही चालते. माझा भाचा इंग्लंडात असतो. तिकडं भिंतीला लोखंडी रेडिएटर असतात, त्यातून गरम पाणी फिरतं आणि खोली तापते. परवा त्याचा फोन आला.

“मामा, रेडिएटर खाली गरम आहे, वर गारढोण. मशीन बिघडलं का हो?”

“हवा धरलीय,” मी म्हटलं. “हीटिंग बंद कर, गार होऊ दे. वरच्या कोपऱ्यात चौकोनी खिळा असेल, त्याला किल्ली लावून पाव फेरा उलटा फिरव. खाली फडकं धर.”

थोड्या वेळानं फोनमधून फुस्स ऐकू आलं. मग पाणी ठिबकायला लागलं तसं त्याला बंद कर म्हणालो, आणि बॉयलरचा काटा एक-दीड बारवर आहे का तेही बघायला लावलं.

“मामा, तुम्ही रेडिएटर कधी पाहिलाय?”

उत्तर द्यायच्या आधी परत फुस्स झालं. या वेळी माझ्या अंगणातल्या नळाचं.

“फोन ठेव रे,” मी म्हटलं. “पाणी यायलंय.”