देवदर्शनार्थ जपानास जाणाऱ्या लालबागकरांस सूचना

क्योतो आणि नारा या पुरातन देवनगरींच्या यात्रेस निघू इच्छिणाऱ्या गिरगाव, दादर, परळ व लालबाग येथील कुटुंबवत्सल मंडळींनी, पारपत्राची व मेतकुटाची तजवीज लागताच, प्रथम वरळी गाठावी. १९३३ साली वर्ध्यास गांधीजींना भेटलेल्या फुजी गुरुजींच्या निप्पोनझान म्योहोजी पंथाचे जपानी मंदिर तेथे आहे. त्यात ढोलाच्या ठेक्यावर चालणारा एकच मंत्र, मध्ये आपली आरती न घुसवता आणि शेजाऱ्यापाशी वरळीतील जागांच्या भावाचा विषय न काढता, शेवटपर्यंत ऐकण्याचा अभ्यास करावा. हा अभ्यास साधल्याखेरीज प्रवासी कंपनीकडे एका रुपयाचाही भरणा करू नये.

नारा येथील तोदाइजी मंदिरातील कांस्यबुद्ध सुमारे १५ मीटर उंच आहे. हा आकडा ऐकून लालबागकराने मिशीत हसू नये. कारण आपला महाकाय देव अनंत चतुर्दशीस समुद्रास मिळतो, आणि हा मात्र भूकंपात मस्तक गमावून, युद्धांच्या आगीत होरपळून, पुन्हा पुन्हा ओतला जाऊन त्याच जागी मुक्कामास आहे. सन ७५२ मध्ये त्याचे नेत्रोन्मीलन झाले, तेव्हा कुंचला धरण्याचा मान बोधिसेन नामक भारतीय भिक्षूस मिळाला, आणि डोळे रेखण्याचे पुण्य सर्वांच्या हातास लागावे म्हणून त्या कुंचल्यास बांधलेला लांबलचक दोर जमलेल्या मंडळींनी धरला होता. आपल्याकडे दोर धरतात तो गर्दीस देवापासून दूर ठेवण्यासाठी, ही तफावत तेथील वाटाड्यास ऐकवण्याचा मोह आवरावा. नाराची हरणे बिस्किटाच्या आशेने मान लववतात. त्यांस प्रतिनमस्कार करून मोकळे व्हावे.

खरी कसोटी इकोमा डोंगरावर लागते. १६७८ साली स्थापन झालेल्या तेथील होझानजी मंदिरात आपले गणराय कांगितेन या नावाने वास करून आहेत; परंतु वर जाण्यासाठी तारेने ओढली जाणारी जी गाडी १९१८ पासून चालते, तिचा एक डबा हल्ली मांजराच्या आकाराचा आहे. मूषकवाहनाच्या भेटीस मार्जारवाहनातून जावे किंवा कसे, याविषयी धर्मशास्त्रात स्पष्ट आज्ञा नसल्याने, सश्रद्ध माणसाने दुसऱ्या, म्हणजे कुत्र्याच्या आकाराच्या, डब्याची वाट पाहणे श्रेयस्कर.

वर पोहोचल्यावर मूर्ती कोठे आहे, असे विचारू नये. ती कायम झाकलेली असते आणि यात्रेकरूंस दाखवण्याचा शिरस्ता नाही. ती का झाकली, हे तर मुलांदेखत मुळीच विचारू नये, कारण कांगितेन बहुधा आलिंगनबद्ध युगुलाच्या रूपात घडवतात. नवसाच्या रांगेत अख्खी रात्र काढून, कार्यकर्त्याचा हात मानेवर पडेपर्यंतचे निमिषभर का होईना, देव डोळ्यांनी पाहणे हा ज्याचा वंशपरंपरागत हक्क, त्याने रांग नाही, धक्का नाही आणि समोर देवही नाही, या तिहेरी आपत्तीस तोंड कसे द्यावे? माझ्या मते, सरळ डोळे मिटून हात जोडावेत. म्हणजे दर्शन न घडल्याचा दोष देवाकडे न जाता आपल्याकडे राहतो. आमदारसाहेबांचे शिफारसपत्र खिशातून काढू नये. ते तेथे वाचणारा कोणी नाही. नैवेद्यास मुळा आणि तांदळाचे मद्य चालते, सबब संकष्टी करणाऱ्यांनी तीर्थ हातावर घेण्यापूर्वी त्याचा वास घ्यावा.

मोदकाची उणीव क्योतोत भरून निघते. तेथे सेइजो कांकिदान नावाचा, आठ चुण्या घातलेला, तिळाच्या तेलात तळलेला पदार्थ मिळतो. तो बौद्ध धर्माबरोबर पूर्वेस गेलेला आपल्या मोदकाचाच वंशज होय. आत खोबरे नसून कडधान्याचे मसालेदार, सुगंधी पुरण असते आणि कवच असे टणक, की कवळी लावणाऱ्यांनी तो अडकित्त्याने फोडावा व फोडल्यावर दुकानदाराकडे साजूक तुपाची मागणी करू नये.