दोन तारा कमी

मोठेपणी गायक व्हायचं म्हणणारी मुलं गल्लोगल्ली सापडतात. ढोलकी बडवणारी तर भिवंडीत पाळण्यातच ओळखू येतात. 'मी मोठा होऊन बेस गिटार वाजवणार' असं म्हणणारं मूल मात्र अजून कुणाच्या पाहण्यात नाही. बेसवाला व्हायला महत्त्वाकांक्षा लागत नाही, योग लागतो. कॉलेजच्या गॅदरिंगला गिटारवाले दोन निघतात, त्यातला एक सेक्रेटरीचा मित्र असतो, आणि उरलेल्याला सांगितलं जातं, "तू बेस घे रे, सोपं असतं." या एका वाक्यावर पुढची तीस वर्षं निघतात.

आमच्याकडचा बेसवाला असाच घडतो. त्याला नाव असतं, पण ते आधार कार्डापुरतं. ऑर्केस्ट्रात त्याला नुसतं 'बेस' म्हणतात. "बेस आला का?" "बेसला चहा गेला का?" कार्यक्रमाच्या शेवटी निवेदक कलाकारांची ओळख करून देतो. गायकाला तीन विशेषणं, गायिकेला पाच, ऑक्टोपॅडवाल्याला एक शेर, कीबोर्डवाल्याला 'जादुई बोटं', आणि मग "बेस गिटारवर आपले..." एवढं म्हणेपर्यंत कुणीतरी फटाक्यांची माळ लावतो.

स्टेजवर त्याची जागा ठरलेली. मागे, डावीकडे, ड्रमच्या झांजेला कान लावून. पुढे 'सौजन्य' असा फलक असतो आणि त्यावर हात जोडलेली माणसं असतात. तीस वर्षांत त्याचे जेवढे फोटो निघाले, त्या प्रत्येकात त्याच्या खांद्यावर कुठल्या ना कुठल्या भावी नगरसेवकाचा कान आलेला आहे.

लोकांना त्याच्याबद्दल एकच कुतूहल असतं. गिटारला सहा तारा असतात हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. त्यामुळे हळदीच्या मांडवात कुणीतरी जवळ येऊन, वाकून, मोजून विचारतोच, "दादा, दोन तारा तुटल्या का?" तरुणपणी तो समजावून सांगायचा. पूर्वी माणसाएवढा उंच डबल बेस असायचा, तो उभ्याने वाजवावा लागे. अमेरिकेतल्या लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये गळ्यात अडकवता येईल असा विजेवरचा बेस बाजारात आणला. त्याला ताराच चार, आणि सगळ्यात जाड तार सेकंदाला ४१ वेळा थरथरते. एवढं होईपर्यंत विचारणारा नाचायला गेलेला असे. हल्ली तो सांगतो, "दोन घरी ठेवल्यात. मोठ्या प्रोग्रामला लावतो." याने सगळ्यांचं समाधान होतं. एका यजमानाने तर जाताना विचारलं होतं, "आमचा प्रोग्राम छोटा होता का?"

त्याचं घर पद्मानगरच्या बाजूला, यंत्रमागाच्या कारखान्याला भिंत लावून. मिनिटाला शंभराहून जास्त वेळा धोटा इकडून तिकडे जातो, त्या हादऱ्याने फडताळातल्या कपबशाही तालात असतात. अशा घरात रियाजाला शेजाऱ्यांची हरकत येत नाही, कारण शेजाऱ्यांना काही ऐकूच येत नाही. भानगड होते ती कारखाना बंद असतो त्या दिवशी. एकदा त्याने निवांत म्हणून बेस काढला, तर पंधरा मिनिटांत मागाचा मेकॅनिक पाना घेऊन दारात उभा. "मोटारीचं बेअरिंग गेलंय वाटतं. आवाज इकडूनच येतोय." मागाने त्याला एक गोष्ट मात्र फुकट शिकवली. माग टाळ्या पडल्या म्हणून चढत नाही आणि रात्री अकरा वाजले म्हणून रेंगाळत नाही. बेसवाल्याचा निम्मा धर्म एवढाच आहे.

उरलेला निम्मा धर्म दुसऱ्याचं सावरण्याचा. गायक दुसरा अंतरा विसरून थेट मुखड्यावर उडी मारतो. कीबोर्ड अंतऱ्यात, ढोलकी तिसरीकडे, आणि वरमाय स्टेजकडे बघतेय. अशा वेळी बेसवाला न बघता, न बोलता गायक जिथे पडला तिथे जाऊन उभा राहतो. जाड सूर तिथे लागला की बाकीचे मुकाट तिकडे सरकतात. चूक गायकाची, सावरली बेसने, आणि खाली उतरल्यावर हात मिळवतात कीबोर्डवाल्याशी.

विज्ञानही त्याच्या विरोधात आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. मांडवात अर्थिंग नसलं की स्पीकरमधून तेवढ्याच कंपनांची घरघर निघते, आणि याची जाड तार तिच्या शेजारीच, ४१ वर. त्यामुळे बेस वाजतोय की वायर, हे इलेक्ट्रिशियनलाही सांगता येत नाही. एकदा त्याच्या ॲम्पचा फ्यूज गेला. तो तीन गाणी नुसता बोटं हलवत उभा होता, आणि त्याच रात्री पहिल्यांदा साउंडवाला येऊन म्हणाला, "आज बेस मस्त भरलाय." मोबाइलची तऱ्हा याच्या उलट. त्या चिमुकल्या स्पीकरला इतका खोल सूर पेलत नाही. बायको व्हिडिओ बघते, नवरा दिसतो, बोटं हलतात, मान हलते, आवाज नाही. "तुम्ही वाजवत होतात ना?" हा प्रश्न ती प्रेमाने विचारते.

त्याचा सूर नेमका ओळखणारा श्रोता एकच, तक्रार करणारा. उंच पट्टीतला आवाज भिंतीशी अडतो, खोल आवाज भिंतीतून पलीकडे जातो. त्यामुळे चार गल्ल्या पलीकडे ना गायक पोचतो ना गायिका, पोचतो तो हा. "घरातली भांडी हलतायत," असा फोन जातो. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. दहाला पाच कमी असताना पोलिसांची गाडी मांडवाच्या तोंडाशी येते, आणि हवालदार सगळ्या स्टेजवरून नजर फिरवून त्याच्यावर थांबवतो. हवालदाराखेरीज स्टेजवर त्याला अजून कुणी शोधलेलं नाही.

धंद्याच्या हिशेबासाठी त्याच्याकडे एकच वही असते, भिंतीवरचं कालनिर्णय. गणपती, नवरात्र, मग तुळशीच्या लग्नापासून आगरी गावांतल्या हळदी. काल्हेर, कशेळी, अंजूर, मानकोली, एका रात्रीत तीन मांडव दिसतात आणि एकाच ठिकाणी जाता येतं. एप्रिलमध्ये भीमजयंतीच्या गायन पार्ट्या. उरसात कव्वालीच्या मागे. पितृपक्षात दुकान बंद. रमजानही बघावा लागतो, आणि तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. अधिक महिन्याला तो वैयक्तिक शत्रू मानतो. २०२६ चा अधिक ज्येष्ठ नेमका १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन लग्नसराईत येतो, हे त्याने कुठल्याही भटजीच्या आधी काढून ठेवलं होतं. सगळ्या धर्मांचे सणवार इतक्या आस्थेने पाठ असणारा माणूस भिवंडीत दुसरा नाही, आणि त्यातला एकही त्याने घरी साजरा केलेला नाही.

नाताळात तो भिवंडी रोड स्टेशनवरून वसईची गाडी पकडतो. ख्रिस्ती लग्नांत तिथे बँड असतो, आणि बँडमध्ये बेस असतो हे तिथल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक असतं. एखादे अंकल जवळ येऊन विचारतात, "पोरा, दुसऱ्या गाण्यात तू चढताना मधला सूर का गाळलास?" चूक दाखवली तरी त्याचा ऊर भरून येतो. ऐकलं होतं कुणीतरी! परतीच्या प्रवासात तो जरा ताठ बसतो. भिवंडीत उतरला की एक रिक्षावाला विचारतो, "बंदूक आहे का आत?"

त्याची दैवतंही अशीच, मागच्या रांगेतली. आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यात बेस वाजवणारे टोनी वाझ, रहमान यांच्याबरोबरचे कीथ पीटर्स. ही नावं घेताना तो कानाला हात लावतो. समोरचा म्हणतो, "कोण, ते केबलवाले?" हल्ली मात्र त्याला एक सोय झालीय. मुंबईची मोहिनी डे बेस घेऊन रहमान आणि झाकिर हुसेन यांच्यासारख्यांबरोबर वाजवून आलीय, आणि तिचे व्हिडिओ शेजारच्या मुलीच्या फोनवरही असतात. तिला तिच्या वडिलांनी शिकवलं, आणि तेही बेसवाले. हे सांगून तो स्वतःच्या लेकीकडे बघतो. लेक म्हणते, "मला सीए व्हायचंय."

संकटं त्याने बरीच पाहिली. पहिलं संकट म्हणजे कीबोर्डवाल्याचा डावा हात. यजमान घासाघीस करू लागला की कीबोर्डवाला सुचवतो, "बेस मी डाव्या हाताने काढतो, तेवढे वाचतील." दुसरं संकट लॅपटॉपवरचा ट्रॅक. तिसरं डीजे. डीजेच्या हळदीत एक पोरगा ओरडला, "बेस वाढवा!" आमचा माणूस छातीवर हात ठेवून झुकला. पोरगा त्याच्या मागच्या डब्यांकडे बघत होता.

यावर तो एक कथा सांगतो, आणि ती खरी आहे. जपानच्या रोलंड कंपनीने १९८१ च्या सुमारास टीबी-३०३ नावाचं यंत्र काढलं, गिटारवाल्याला बेसवाल्याशिवाय सराव करता यावा म्हणून. बेसवाल्याची पोटापाण्याची सोयच खुंटायची. पण त्या यंत्राचा आवाज खऱ्या बेससारखा अजिबात नव्हता. १९८४ पर्यंत कंपनीने ते बंदही केलं. इकडे मुंबईत चरणजित सिंग यांनी, जे स्वतः चित्रपटसंगीतात बेस आणि गिटार वाजवायचे, १९८२ मध्ये तेच यंत्र घेऊन दहा रागांची डिस्को तबकडी काढली. तेव्हा कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली, आणि तिकडच्या जाणकारांनी तोंडात बोटं घातली, की शिकागोत अॅसिड हाउस नावाचं जे संगीत पुढे गाजलं त्याच्यासारखं काहीतरी या माणसाने कितीतरी आधीच करून ठेवलंय. "म्हणजे बघा," आमचा बेसवाला म्हणतो, "बेसवाल्याला हटवायला यंत्र आणलं, त्यालाही बेसवाल्यानेच कामाला लावलं. फक्त अठ्ठावीस वर्षं थांबावं लागलं." थांबण्याचा त्याला कंटाळा नाही. पाकिटासाठी तो तेवढा थांबलेला आहे.

लग्न जमताना थोडं जड गेलं. "मुलगा काय करतो?" "संगीतात आहे." "गातो?" "नाही." "तबला?" "नाही." "मग?" शेवटी मामाने बाजू सावरली, "कारखान्याला लागून घर आहे." मुलीकडच्यांनी कारखाना तेवढा ऐकला. बायकोने मात्र संसार नीट केला. बेसच्या तारांचा नवा संच महाग, म्हणून तो जुन्या तारा पाण्यात उकळतो. त्याने मळ सुटतो आणि आवाज काही दिवस पुन्हा खणखणतो. हे काम तो डाळीच्या पातेल्यात करतो. पहिल्यांदा बायकोने झाकण उचलून विचारलं होतं, "शेवया जरा जाडच आणल्यात नाही?" आता तिने त्या पातेल्यावर नेलपॉलिशने 'बेस' असं लिहून ठेवलंय. त्याचं नाव इतक्या ठळकपणे अजून कुठल्याही जाहिरातीवर आलेलं नाही.

नवा ॲम्प त्याने ऑनलाइन मागवला. पार्सल निघालं भिवंडीच्या गोदामातून, पोचायचं होतं भिवंडीतच. तीन दिवस फोन सांगत होता, 'आपलं पार्सल भिवंडीला पोचलं आहे.' चौथ्या दिवशी तो स्वतः निघाला, तर गोदामाच्या वाटेवर कंटेनरच्या रांगेत अडकला, आणि तोवर पार्सल घरी येऊन परत गेलं.

या कोंडीनेच खरं तर त्याचं करिअर घडवलं. अंजूरफाट्याला अडकलो, मानकोलीला अडकलो, धामणकर नाक्यावर खड्डा होता, या तीन कारणांवर भिवंडीतल्या अर्ध्या कलावंतांची कारकीर्द चालते आणि संपते. हा माणूस रात्री आठच्या कार्यक्रमाला दुपारी दोनला निघतो. मांडवाचा बांबू रोवला जात असताना तो खुर्ची टाकून बसलेला असतो. पिशवीत दोन जादा केबल, बॅटरी, टेप, टेस्टर, सगळ्यांना पुरेल असा ओवा. गायकाचा मायक्रोफोन गेला तर केबल याची, गायकाचं पोट गेलं तर ओवाही याचाच. कुणाशी भांडत नाही, सोलो मागत नाही, कुठलीही पट्टी सांगा, मान डोलावतो. त्याच्याहून चपळ बोटांचे बेसवाले आले, दोन-तीन हंगाम चमकले आणि दुबईला तरी गेले किंवा विम्यात तरी. हा आहे तिथेच आहे. ऑर्केस्ट्राचा मालक नवीन पार्टी बांधताना पहिला फोन गायकाला करतो, पण तारीख ठरवतो याला विचारून.

एकाच विषयावर त्याचा तोल जातो. "बेस म्हणजे इमारतीचा पाया असतो हो," असं एका मंडळाचे अध्यक्ष गहिवरून म्हणाले आणि पैशाचं विसर्जनानंतर बघू असंही म्हणाले. तेव्हा तो शांतपणे बोलला, "साहेब, पायाचे पैसे कंत्राटदार आधी घेतो."

त्यांनी दिले नाहीत. पण वाक्य बरोबर होतं, म्हणून त्याच्या वतीने यजमानांना एवढंच सांगणं आहे. पाकीट त्याच रात्री द्या. फलक दोन हात बाजूला बांधा. आणि ऑर्केस्ट्राच्या मालकाने आठ कलाकार जेवायला आहेत असं सांगितलं, तर पानं नऊ मांडा. मोजताना तो बहुधा राहून गेलेला असतो.