क्रीम गालिचा, तांबडा रस्सा

कोल्हापुरात नवा फ्लॅट घेतला की माणसात दोन बदल लगेच दिसतात. हप्ता सुरू होतो आणि रंग उडतो. काल-परवापर्यंत दाराला पोपटी ऑइलपेंट मारणारा, गाडीवर भगव्या पट्ट्या ओढून घेणारा, शाहू स्टेडियमवर तालमीच्या जर्सीसाठी गळा फाडणारा गडी एकाएकी 'बेज' म्हणायला लागतो. बेज म्हणजे आपला बिस्किटी. पण बिस्किटी म्हटलं की डिझायनरला फी लावता येत नाही, म्हणून बेज. भिंती बेज, पडदे बेज, सोफा बेज आणि सोफ्यापुढे क्रीम रंगाचा केसाळ गालिचा. 'सर, सगळं न्यूट्रल ठेवू,' असं इंटिरियरवाल्यानं सांगितलेलं असतं. ज्या गावात रश्श्याचेसुद्धा तांबडा आणि पांढरा असे दोन पक्ष आहेत, तिथं न्यूट्रल!

वास्तुशांतीनंतरचा पहिला रविवार बघावा. पाव्हणे येतात. दारात चपला काढतात, गालिच्यापाशी थबकतात आणि कडेकडेनं, भिंत धरून सोफ्याकडे सरकतात. 'या की, बसा की, आपलंच घर हाय.' बसतात, पण टेकत नाहीत. मग आतून मटणाचा वास सुटतो आणि पाठोपाठ वहिनींचा आवाज येतो, 'अहो, आधी तो गालिचा गुंडाळा!' दोन मेहुणे पुढे होतात, गालिच्याची वळकटी होते आणि बेडरूमच्या दारामागं उभी राहते. पाव्हण्यांसाठी घेतलेली वस्तू पाव्हणे आले की लपवायची, ही रीत कुठल्या वास्तुशास्त्रात आहे कुणास ठाऊक. मोकळ्या झालेल्या फरशीवर माळ्यावरचा जमखाना उतरतो. पंगत बसते. सहा खुर्च्यांचं काचेचं डायनिंग टेबल कडेला उभं असतं; त्यावर इस्त्रीचे कपडे, लाइट बिलं आणि धाकट्याचं दप्तर. जेवणं झाली की पुरुषमंडळी तिथंच सोफ्याला पाठ टेकून पाय पसरतात. लिफ्टमध्ये मावेना म्हणून दोरखंड लावून गॅलरीतून वर ओढलेला एल आकाराचा सोफा, आणि त्याचा उपयोग तक्क्या म्हणून.

त्यांचं काही चुकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या सोप्यात घोंगडं टाकून मांडी घातलेली ही माणसं आहेत. चुकतं ते दुकानात. आपण कसे बसतो, घरात कोण कोण बसतं, बसल्यावर काय काय सांडतं, हे फर्निचर घेताना कुणी विचारतच नाही. आजींचे गुडघे अठरा इंची बैठकीतून उठतात आणि दहा इंची 'लो सीटिंग'मधून उठत नाहीत, हे कळतं ते डिलिव्हरीवाला गेल्यावर.

बेजला न मानणारा दुसरा गट आहे, त्याचंही सांगायला हवं. त्याला 'रॉयल' लागतं. मरून मखमल, सोनेरी पाय, हातांवर सिंहाची तोंडं. नाव 'महाराजा सोफा'. स्फूर्तिस्थान अर्थातच नवा राजवाडा. मेजर मँटनं आराखडा केला, १८७७ ते १८८४ बांधकाम चाललं, आणि तिथला दरबार हॉल बघून बाहेर पडलेला प्रत्येक कोल्हापूरकर थोडा वेळ ताठ चालतो. त्या हॉलमधलं सोनं आपण घरी आणलं, उंची मात्र बिल्डरनं दिली नाही. दहा बाय बाराच्या खोलीत महाराजा सोफा ठेवला की महाराज बसतात आणि प्रजा किचनमध्ये उभी राहते. ज्या शाहू महाराजांच्या नावानं आपण शपथा घेतो, त्यांना राजवाड्यापेक्षा सोनतळीचा कॅम्प जास्त मानवायचा. सोफ्याच्या दुकानात हे सांगत नाहीत.

खरेदीसाठी निम्मा जिल्हा गांधीनगरला जातो. दुसऱ्या महायुद्धात तिथं वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची मोठी छावणी होती. ते गेले आणि फाळणीत सगळं मागं टाकून आलेली सिंधी कुटुंबं तिथं राहिली. आज आपल्या लेकींच्या लग्नातल्या गाद्या, पडदे, चादरी तिथून येतात. निर्वासितांच्या छावणीतून संसार विकत आणणारी आमच्याइतकी खानदानी माणसं दुसरीकडं सापडायची नाहीत.

आता गालिचा. कुठल्याही दुकानात संवाद एकच. 'दाजी, इंपोर्टेड हाय, नुसता हात फिरवून बघा.' दाजी हात फिरवतात, वहिनी फिरवतात, पोरगं लोळून बघतं. गालिचा वरून पारखणं म्हणजे उमेदवार बॅनरवरून पारखणं. कोपरा उलटा करा. हातानं गाठी मारलेला असेल तर पुढची नक्षी पाठीवरही तशीच उमटलेली दिसते, अंगठा फिरवला की गाठी लागतात, आणि ओळी कुठं कुठं किंचित वाकड्या असतात. त्या वाकडेपणाचेच पैसे द्यायचे असतात. झालर म्हणजे ताण्याचीच टोकं. ती ओढून सुटत नाही. मागं कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड. बंदुकीसारख्या यंत्रानं कापडात लोकर ठोकायची, मागून लॅटेक्सचा थर द्यायचा आणि वर कापड लावून झाकून टाकायचं. स्वस्त पडतो, मऊ लागतो, पण काही वर्षांनी ते लॅटेक्स सुकून झडायला लागतं आणि घरातली बाई रोज केर काढत फरशीवाल्याला शिव्या देते. आणि पाठ कडक, जाळीदार, झालर मशीननं शिवलेली असेल तर तो यंत्रावरचा पॉलिप्रॉपिलीन. सिंथेटिक पोतीही त्याचीच होतात. त्याला 'पर्शियन' म्हणताना विक्रेत्याच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही, ही मात्र कला हाताची.

हाताचाच हवा असेल तर भदोही-मिर्झापूरला नाक मुरडायचं कारण नाही. संसदेच्या नव्या इमारतीतले गालिचे तिकडच्याच सुमारे ९०० कारागिरांनी विणले. लोकसभेसाठी मोर, राज्यसभेसाठी कमळ, आणि ६० कोटींवर गाठी. त्या गाठींवर कोण किती वेळ टिकतं आणि कोण सभात्याग करून बाहेर पडतं, तो विषय वेगळा. 'रॉयल कार्पेट' म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक माहिती. विंडसर कॅसलच्या वॉटर्लू चेंबरमधला व्हिक्टोरिया राणीसाठीचा अवाढव्य गालिचा आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणलाय. आपल्या येरवड्याच्या तुरुंगातले गालिचेही त्या काळी नावाजलेले होते. राजेशाही गालिचा विणणारा सरकारी पाहुणा होता.

पंगतीखाली आलेल्या जमखान्याकडं मात्र कुणी बघत नाही. सुती, सपाट, दोन्ही बाजूंनी वापरा. रस्सा सांडला तर गच्चीवर टाकून घासा, कठड्यावर वाळत घाला, संध्याकाळी परत अंथरा. धारवाडच्या पलीकडं नवलगुंदला आजही बायका मागावर जमखाने विणतात. मोर काढतात, सोंगट्यांचा पट काढतात. भौगोलिक मानांकन आहे त्याला. कसब घराबाहेर जाऊ नये म्हणून लेकींना शिकवायचं नाही, सुनांना शिकवायचं, अशी तिथली जुनी रीत सांगतात. आपल्याकडं उलटं झालं. सासूचा जमखाना सुनेनं माळ्यावर टाकला.

आणि घोंगडी. हातकणंगले तालुक्यातली पट्टणकोडोली आपल्याला माहीत आहे ती विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेसाठी, भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या फोटोंसाठी. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर आणि सनगरांचा माग हे तिथलं दुसरं दैवत, पण त्याला यात्रा नाही. माग खड्ड्यातला, विणकर काठावर बसून पाय आत सोडतो. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्याची खळ करायची आणि ताण्याला कुंच्यानं सारवायची. धागा ताठ होतो. नव्या घोंगडीला जो खमंग-कुबट वास येतो तो मेंढीइतकाच चिंचोक्याचा. घोंगडी टोचते, ही तक्रार खरी आहे. कसर लागते, हेही खरं. अधूनमधून ऊन दाखवावं लागतं. पण पावसाची भुरभुर ती सहज झटकते. फरशीचा गारवा अंगाला लागू देत नाही. लोकरीचं जेनही इकडं करतात. न विणता, ओल्या लोकरीचे थर दाबून, मळून केलेलं जाड बसकर. परदेशात असल्या वस्तूला 'फेल्ट रग' म्हणतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात. इकडं काही धनगर लोकर कातरतात आणि फेकून देतात, कारण कातरणीची मजुरीसुद्धा सुटत नाही.

त्याच गावापासून तासाच्या अंतरावरच्या फ्लॅटमध्ये 'वुलन थ्रो, अर्दी टोन' अशी चिठ्ठी लावलेलं करडं कापड ऑनलाइन मागवलं जातं आणि सोफ्याच्या हातावर तिरकं टाकलं जातं. तिरकंच. सरळ टाकलं तर घोंगडं दिसतं. घोंगडीला बहुतेक मिलानचीच वाट बघावी लागणार. २०२५च्या जूनमध्ये प्राडानं तिथं आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला मॉडेलांच्या पायात घातल्या, तेव्हा कुठं शहरातल्या कित्येकांना आठवलं की आपल्या पायात गेली दहा वर्षं स्पोर्ट्स शूज आहेत. खुर्च्यांचंही हेच झालं. चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी वास्तुविशारद पिअर जाँनरेच्या देखरेखीखाली सागवान आणि वेताच्या खुर्च्या झाल्या. पुढं त्या भंगारात निघाल्या आणि परदेशातल्या लिलावांत लाखांनी विकल्या गेल्या. आता त्यांच्या नकला आपल्या कॅफेत आहेत, आणि आजोबांची वेताची खुर्ची विकून आलेल्या पैशात तिथं दोन कॉफ्या येतात.

राहता राहिलं लाकूड, आणि इथं मला थट्टा सुचत नाही. कोल्हापुरात फर्निचर घ्यायचं तर ते पंचगंगेला विचारून घ्यावं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ धोक्याची. २०१९ला आणि २०२१ला पाणी ५५च्या वर गेलं. सुतारवाडा दरवेळी सगळ्यांत आधी रिकामा करावा लागतो. शाहूपुरी, दुधाळीतल्या घरांत पाणी ओसरल्यावर जे ढीग रस्त्यावर आले, त्यांत बहुतेक सगळं 'मॉड्युलर'. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि चिकट रसायन दाबून केलेली फळी. पाणी प्यायली की फुगते, वरचा लॅमिनेटचा पापुद्रा सुटतो, स्क्रू हातानं बाहेर येतात, आणि नंतर वाळवून ती पूर्वपदावर येत नाही. एमडीएफचंही तेच. त्याच ढिगाशेजारी जुना सागवानी पलंग चिखल धुऊन उन्हात उभा केलेला दिसायचा. चार दिवसांत परत आत. पलंगाला दहा वर्षांची वॉरंटी नव्हती. तसा कागदच कुणी केला नव्हता.

म्हणून पूरपट्ट्यातल्या जुन्या मिस्त्रीची पद्धत मला पटते. तो आल्या आल्या टेप काढत नाही. रंग विचारत नाही. 'वहिनी, एकवीसला पाणी कुठवर हुतं?' एवढंच विचारतो. वहिनी भिंतीला हात लावून दाखवतात, 'हे बघा, स्विचबोर्डाच्या जरा वर.' कानामागची पेन्सिल निघते, भिंतीवर आडवी रेघ पडते. रेघेखाली कडप्पा आणि स्टील, रेघेवर प्लायवुड. खालच्या कप्प्यात काय ठेवायचं नाही तेही तोच सांगतो. रेघ नवीन बेज रंगावर उठून दिसते. डिझायनर ती खोडायला सांगतो, कारण त्याच्या थ्रीडी चित्रात ती नाही. त्या चित्रात खिडकीबाहेर बारमाही ऊन असतं, टेबलावर चार पिवळी लिंबं असतात, आणि सोफ्यावर बसलेला माणूस एकही नसतो.