मायकोवाले नाना

नाशिकमध्ये प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक रिटायर्ड गृहस्थ वास्तव्याला असतो. त्याचा फ्लॅट वर कुठेतरी असतो, पण तिथे तो जेवायला आणि झोपायलाच जातो. तो कुठून रिटायर झाला हे विचारावं लागत नाही. नाशिकरोडच्या नोटप्रेसमधला असेल तर वाण्याने परत दिलेली पन्नासची नोटसुद्धा उन्हात धरून बघतो. ओझरच्या एचएएलमधला असेल तर डोक्यावरून विमान गेलं की मान वर न करता त्याचं नाव सांगतो. आणि मायकोतला असेल तर तुमच्या गाडीचं बॉनेट उघडतो. न विचारता.

आमच्या वाट्याला मायकोवाले नाना आलेत. कंपनीचं नाव 2008 मध्ये बॉश झालं. नाना तेव्हा नोकरीतच होते, पण त्यांना कुणी कळवलं नसावं. रिक्षावाल्यांनाही कळवलेलं नाही. सर्कल अजून मायको सर्कलच आहे. सातपूरच्या त्या कारखान्यात नानांची सगळी हयात डिझेलच्या नोझलवर गेली. नोझलमधली सुई आणि तिचं घर यांच्यात दोन-तीन मायक्रॉनची फट, म्हणजे केसाचे उभे वीस-पंचवीस काप करावेत आणि त्यातला एक घ्यावा तेवढी. त्यामुळे नाना जगाकडे मायक्रॉनमधूनच बघतात. पोहे अळणी झाले तर "मीठ चार मायक्रॉन कमी पडलंय." शेजारच्याचं चाक पांढऱ्या पट्ट्यावर चार बोटं आलं तर "साहेब, सत्तर हजार मायक्रॉन अतिक्रमण आहे तुमचं!"

नानांची निदानपद्धत ठरलेली. हात मागे बांधायचे, डोळे मिटायचे, कान इंजिनाकडे वळवायचा आणि थोड्या वेळाने जीभ टाळ्याला लावून 'टक्' करायचं. टक् झालं की निदान झालं. निदान एकच: "कचरा आहे." डिझेलमध्ये कचरा, नोझलमध्ये कचरा. माझी गाडी पेट्रोलची आहे हे मी एकदा सांगून पाहिलं. "कचऱ्याला पेट्रोल काय आणि डिझेल काय," नाना म्हणाले. यापुढे बोलण्यासारखं काही राहत नाही.

गेल्या मे महिन्यात माझी गाडी मधूनच लंगडायला लागली. पिवळा दिवा लागायचा, पाय ॲक्सिलेटरवर आणि गाडी बैलगाडीच्या चालीने. बंद करून थंड होऊ दिली की पुन्हा शहाणी. नानांसमोर तर तिने एकदाही खोड काढली नाही. सासरी गप्प बसणारी माहेरची वाचाळ पोर! तरीही नानांनी टक् केलं. म्हणाले, "कचरा."

तेवढ्यात ओझरवाले आले. हे नानांचे जिवलग मित्र आणि जन्माचे विरोधक. ते म्हणाले, "नाना, हिच्या पायाखाली केबलच नाही. जुन्या गाडीत तार ओढली की झडप उघडायची. इथे पॅडल फक्त अर्ज करतं. अर्ज कॉम्प्युटरकडे जातो, तो मंजूर करतो, मग छोटी मोटर झडप फिरवते. आमच्या सुखोईत तेच. त्या मोटरला वीज देणारा रिले बघा."

सुखोईचं नाव निघाल्यावर नाना मागे कसे राहतील? त्यांनी फ्यूजबॉक्सचं झाकण काढलं, आगपेटीएवढ्या काळ्या रिलेवर बोट ठेवलं आणि मला चावी फिरवायला लावली. आतून आवाज आला, 'टक्'. नानांचा चेहरा उजळला. आपलीच भाषा बोलणारं कुणी भेटल्यावर उजळावा तसा. "वाजतोय! रिले ओके. कचराच आहे."

मग मी एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले, थ्रॉटल बॉडी धुऊन घेतली. कचरा गेला, सोबत पाकिटातलंही बरंच काही गेलं. आणि चौथ्या दिवशी भर दुपारी गाडी उड्डाणपुलावर लंगडली. झडपेची वीज गेली तरी स्प्रिंग तिला किंचित उघडी ठेवते, म्हणून गाडी सरपटत का होईना घरी पोचते. मी द्वारका चौकाच्या अलीकडे एका वायरमनच्या टपरीपर्यंत सरपटलो.

वायरमन म्हणजे पंचविशीतलं आयटीआयचं पोरगं. त्याने बॉनेट उघडलं, पण डोळे उघडेच ठेवले. इथेच माझा अर्धा विश्वास बसला. स्कॅनर लावला, कोड वाचला, फ्यूज पाहिला, मल्टीमीटरच्या सुया रिलेच्या पायांना लावल्या. 30 नंबरवर 12 व्होल्ट, 87 नंबरवर पाचसुद्धा नाहीत. मी म्हटलं, "अरे, पण तो टक् वाजतो!"

"काका, टक् वाजलं म्हणजे कॉइल जिवंत आहे एवढंच. पुढे करंट जातो का, ते आवाजावरून नाही कळत. आतले पॉइंट जळलेत. गार असताना जेमतेम चिकटतात, तापले की हात वर."

खात्रीसाठी त्याने हॉर्नचा रिले काढून थ्रॉटलच्या जागी बसवला आणि थ्रॉटलचा हॉर्नच्या जागी. दोन्ही एकाच जातीचे निघाले. पाय दाबताच गाडी गुरगुरली! मग त्याने हॉर्न दाबला. बॉक्समध्ये टक् आणि बाहेर शांतता. दुखणं रिलेबरोबर घर बदलून गेलं होतं. नवा रिले उद्या मिळणार होता. म्हणजे द्वारका चौक हॉर्नशिवाय ओलांडायचा होता! त्या चौकात ब्रेकवाचून एखादा निभावेल, हॉर्नवाचून नाही. मी काच खाली करून तोंडाने 'ओ दादा, ओ ताई' करत घरी आलो.

गेटवर नाना उभे. "हॉर्न का दिला नाहीस?" मी सांगायच्या आत टक् झालं. "हॉर्नमध्ये कचरा."

दुसऱ्या दिवशी नवा रिले बसला. जुन्याचं टोपण वायरमनने उचकटून दाखवलं; पॉइंटवर काजळीचा थर होता. तो रिले मी मुद्दाम नानांच्या हातावर ठेवला. म्हटलं, आता तरी हार मानतील. नानांनी चष्मा वर केला, पॉइंटवरून नख फिरवलं आणि काळं झालेलं नख सगळ्या पार्किंगला दाखवलं.

"हे काय आहे? कचरा! मी पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं?"

आता तो रिले नानांच्या खिशात असतो. एका जुन्या बॅटरीला जोडून ते येणाऱ्याजाणाऱ्याला टक्-टक् ऐकवतात आणि आवाजावर कधी भुलू नये, असं बजावतात. परवा ओझरवाले बराच वेळ ऐकत बसले होते. शेवटी म्हणाले, "नाना, आवाज दणदणीत आहे हो. करंट तेवढा पुढे जात नाही."

"तेच तर सांगतोय कधीचा," नाना म्हणाले आणि त्यांनी आणखी एकदा टक् करून दाखवलं.