अगंबाई, आरएचसीएसए!

ऐकावं ते नवलच. जी वस्तू जगात कोणीही उतरवून घ्यावी, उघडून बघावी, बदलावी, वर शेजाऱ्यालाही वाटावी, ती आपल्याला वापरता येते एवढं कागदावर लिहून घ्यायला पुण्यातली धडधाकट, शिकलीसवरली मुलं पाच आकडी फी भरतायत! वस्तूचं नाव लिनक्स. परीक्षेचं नाव आरएचसीएसए, तिच्या थोरल्या बहिणीचं आरएचसीई आणि त्या दोघींच्या आत्याबाईंचं आरएचसीए. पूर्वी ही नावं कानावर आली की आमच्या सोसायटीतल्या काकूंना वाटायचं, मुलगा कुठल्याशा सहकारी बँकेत चिकटला. आता त्याच काकू जिन्यात गाठून, आरएचसीएसएचा परीक्षा-क्रमांक तोंडपाठ असल्यासारखं, विचारतात, "काय हो, तुमच्याचं ईएक्स दोनशे झालं का?"

हे थेर सुरू कुठून झाले म्हणाल, तर १९९१ साली हेलसिंकीत एका विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतली आणि सगळ्यांना देऊन टाकली. पुढे एम.एससी.च्या प्रबंधालाही त्याने विषय घेतला तो हाच. घरचंच कार्य, यजमानही आपणच! तिकडे अमेरिकेत मार्क युइंग नावाचा एक तरुण आजोबांची लाल टोपी घालून कॉलेजात हिंडायचा. कॉम्प्युटरमधलं अडलं की लाल टोपीवाल्याला गाठा, असं तिथे म्हणत. त्या टोपीवरून कंपनीचं नाव पडलं रेड हॅट. १९९९ साली ही कंपनी शेअर बाजारात उतरली आणि त्याच वर्षी तिने आरएचसीई ही परीक्षा काढली. लिनक्सच्याच परीक्षा घेणारी लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूट कॅनडात निघाली तीही १९९९ सालीच. त्या वर्षी हवेत काय होतं कोण जाणे. पुढे २०१९ मध्ये आयबीएमने ही टोपी ३४ अब्ज डॉलरना उचलली. फुकटच्या मालाच्या दुकानाला चौतीस अब्ज! माल फुकट, पण तो रात्री दोन वाजता कोलमडला तर फोन उचलायला माणूस हवा ना, त्या माणसाचे पैसे. आणि तो माणूस खरंच जाणकार आहे हे सांगणाऱ्या कागदाचे वेगळे.

पुण्यात या कंपनीचं मोठं कार्यालय आहे, आयटीची गर्दी आहे आणि क्लास लावल्याशिवाय कुठलंही शिक्षण झालं असं न मानण्याची आपली जुनी रीत आहे. म्हटल्यावर बोर्ड लागायला कितीसा वेळ? 'वीकेंड बॅच', 'शंभर टक्के प्लेसमेंट साहाय्य', 'व्हाउचरसह'. आपल्याला प्रमाणपत्राचं वेड नवं थोडंच आहे? एमएस-सीआयटीच्या वेळी पन्नाशीतले हेडक्लार्क मुलांच्या शेजारी बसून माउस धरायला शिकले, ते हौसेने नव्हे. त्या कागदामागे सरकारी नोकरीचा धाक होता. इथे धाक कोणाचाच नाही. मुलं आपण होऊन जातात, आणि तेच जास्त संशयास्पद आहे.

खरी खळबळ परीक्षेच्या आत आहे. आपल्या वेळी प्रश्न असायचे, चार पर्याय असायचे आणि पेन्सिलीने काळे करायचे गोल. निदान डोळे मिटून 'क' तरी काळा करता यायचा. इथे पर्यायच नाहीत. तीन तास वेळ, समोर मशीन आणि कामांची यादी: अमका वापरकर्ता तयार कर, तमकी डिस्क वाढव, ही सेवा आपोआप सुरू झाली पाहिजे. काम झालं की नाही तेवढं बघतात, कोणत्या वाटेने केलंस ते विचारतही नाहीत. ३०० पैकी २१० मिळाले की पास. आणि धक्कादायक म्हणजे पुस्तक उघडून बघायला परवानगी! इंटरनेट बंद, पण मशीनच्या पोटातली मॅन पेजेस, म्हणजे प्रत्येक कमांडची माहितीपानं, खुशाल वाचा. राजरोस कॉपी, आणि तरी लोक नापास होतात.

त्यातलं एक कलम तर मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. जाहीर अभ्यासक्रमात लिहिलंय की मशीन सुरू होत असताना मध्येच अडवून आत शिरता आलं पाहिजे. आत म्हणजे रूटच्या, खुद्द मालकाच्या खोलीत, आणि तेही पासवर्ड ठाऊक नसताना! यातली सगळ्यांत गाजलेली युक्ती अशी: सुरुवातीच्या ओळीच्या शेवटी 'आरडी डॉट ब्रेक' लिहायचं, आत जायचं, डिस्क लिहिण्याजोगी करून घ्यायची आणि नवा पासवर्ड ठोकून द्यायचा. सभ्य घरातली मुलं रात्री जेवणं झाल्यावर याचा सराव करतात, आणि आई कौतुकाने सांगते, "अभ्यास करतोय." बरं, घुसून भागत नाही. आत एसईलिनक्स नावाचा वॉचमन बसलाय. फायलींवरच्या ओळखचिठ्ठ्या पुन्हा लावून घे असं त्याला सांगून ठेवलं नाही, तर पासवर्ड बरोबर असूनही तो तुम्हाला दारातूनच परत पाठवतो. चोरीतही इतकी शिस्त!

शेवटचा घाव तर फारच निर्दय. तपासणी होते मशीन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर. एफएसटॅब म्हणून एक एवढीशी फाइल असते, कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी. तिच्यात एखादा शब्द वाकडा पडला की रीबूटनंतर मशीन उठतच नाही. न उठलेल्या मशीनला गुण कोण देणार? अडीच तास झकास काम केलेली पोरं या एका ओळीवर भुईसपाट झालेली आहेत, असं क्लासवाले हलक्या आवाजात सांगतात. आता हे चारचौघांत बोलायचं नाही, पण तोंडी बोलबच्चनगिरी जिथे शून्य उपयोगाची आहे अशी परीक्षा मला आपल्याकडे दुसरी दिसत नाही. इंग्रजी फाडफाड येवो न येवो, चेहरा कसाही असो, मशीन उठलं तर उठलं.

२०२० पासून ही परीक्षा घरबसल्याही देता येते, आणि तिथून घराघरांत तमाशे सुरू झाले. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं, लांब वायरचा कॅमेरा लावायचा, तो फिरवून परीक्षकाला खोली दाखवायची. टेबलावर कागद नको, भिंतीला दुसरा पडदा नको, खोलीत माणूस नको. साता समुद्रापलीकडचा परीक्षक आपल्या पलंगाखाली डोकावणार, म्हणून वर्षानुवर्षं तिथे कोंबलेल्या गाद्या आणि फुटके डबे आदल्या दिवशी हलवले गेले. दिवाळीला जे होत नाही ते एका परीक्षेने झालं. आमच्या तिसऱ्या मजल्यावर तर त्या दिवशी बेल काढून ठेवली होती, कुकर लावला नव्हता आणि आजींना लेकीकडे पाठवलं होतं. आजी अजून विचारतात, "मी काय उत्तर सांगणार होते का त्याला?"

आता जरा खरोखर लाज वाटावी असं. परीक्षेतलं बाहेर सांगणार नाही असा करार प्रत्येकाकडून लिहून घेतात, तो मोडला तर कागद रद्द होऊ शकतो. तरी टेलिग्रामवर 'डम्प' फिरतात. डम्प म्हणजे कोणीतरी देऊन आलेली प्रश्नपत्रिका, उत्तरांसकट. काही क्लास तर तेवढंच घोकून घेतात: ही कमांड, मग ती कमांड, का ते विचारायचं नाही. मग नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सर्व्हरवर कुठली फाइल उघडेना की हे प्रमाणित चिरंजीव 'सीएचमॉड ७७७' मारून मोकळे. म्हणजे आल्यागेल्या प्रत्येकाला वाचायची, लिहायची, चालवायची सगळी परवानगी! चुगली करायचीच तर याची करावी.

फुकट शिकायची सोय नाही म्हणाल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे छोटे छोटे धडे चक्क मराठी आवाजात आहेत. मी हे काकूंना सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "फुकट? मग त्याला कोण विचारणार?" सरावासाठी पोरं सेंटओएस वापरायची. रेड हॅटचीच बिनपैशाची जुळी बहीण म्हणा. २०२० च्या डिसेंबरात जाहीर झालं की तिची आठवी आवृत्ती २०२१ अखेर बंद. आधी वायदा होता २०२९ चा! भाऊबंदकीच ती. लगेच रॉकी लिनक्स निघालं, अल्मा लिनक्स निघालं, आणि पोरांनी सरावाचा पाट तिकडे मांडला. टोपी आहे खरी. कोणी कोणाला घातली ते अजून ठरायचंय.

आणि एवढं करून हा कागद टिकतो किती? तीन वर्षं! लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटवाले पाच देतात, ते त्यातल्या त्यात दिलदार. लिनक्स फाउंडेशनही परीक्षा घेते, तिने तर २०२४ पासून तीनाची दोन करून टाकली. रेड हॅटची पुढची एखादी परीक्षा द्या, म्हणजे मुदत वाढते. आरएचसीई झालं की त्यावर आणखी पाच परीक्षा, तेव्हा कुठे आरएचसीए पदरात पडतं. एकदा नादी लागलं की सुटका नाही.

कहर म्हणजे प्रमाणपत्राचा क्रमांक टाकून कोणालाही कंपनीच्या साइटवर खातरजमा करता येते. हे मुलीकडच्यांना कळलंय! परवाच एका स्थळाचं समजलं. पत्रिका जुळली, उंची जुळली, पाषाणला फ्लॅट होता. मुलीने शांतपणे क्रमांक टाकून पाहिला, तर पुढे शब्द आला 'नॉन-करंट'. मुलाची आई म्हणे, "जूनमध्ये देतोय तो पुन्हा." मुलीच्या आईने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "काही घाई नाही हो. मग बैठक जुलैतच ठेवू."