पस्तीस वॅटच्या घरात पंचेचाळीस

थिंकपॅड टी-४२० हा २०११चा लॅपटॉप. त्याचा प्रोसेसर सॉकेटमध्ये बसतो, म्हणजे काढता येतो. आणि जे काढता येतं ते काढून पाहिल्याशिवाय हौशी मंडळींना झोप लागत नाही. दोन कोअरचा, ३५ वॅटचा आय-फाइव्ह जातो. चार कोअरचा, ४५ वॅटचा आय-सेव्हन येतो. पंखा आणि उष्णता बाहेर नेणारी तांब्याची नळी मात्र जुनीच. पगार तोच, पानावर दोन पाहुणे जास्त.

मग व्हिडिओ रेंडर करायला घेतला की तापमान शंभर अंशांकडे धावतं आणि प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःचा वेग उतरवतो. वेगासाठीच पैसे मोजलेत, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं! थर्मल पेस्ट बदलते, खाली कूलिंग पॅड येतं आणि शेवटी सेटिंगमध्ये जाऊन टर्बो, म्हणजे गरजेला जादा वेग देणारा मोड, बंद केला जातो. म्हणजे ज्याच्यासाठी हा खटाटोप, तोच.

नव्या लॅपटॉपांत बहुधा ही सोयच उरली नाही. प्रोसेसर बोर्डावर डाख देऊन बसवलेला असतो. (ग्राहकाच्या काळजीपोटी नव्हे.)

जुना लॅपटॉप असेल तर आधी जाळीतली धूळ काढा आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाका. फरक तिथेच दिसेल.