नाकवैद्य

पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत एक डॉक्टर, एक वकील आणि एक नाकवैद्य असतो. पहिले दोघे दाराला पाटी लावतात. तिसऱ्याला पाटीची गरज पडत नाही, कारण पार्किंगमध्ये कुणी गाडीला किक मारली की तोच गॅलरीत येतो, नाक किंचित वर करतो आणि न विचारता निदान सांगतो. "रिच जळतेय. एअर फिल्टर बघ."

आमच्याकडच्या नाकवैद्यांना सगळे नुसतं काका म्हणतात. वय सत्तरीच्या अलीकडचं, अंगात बनियन, खांद्यावर गाडी पुसायचं फडकं. नोकरी सगळी बँकेत झाली. हेच या जमातीचं मुख्य लक्षण. खरा मेकॅनिकल इंजिनिअर समोरच्या विंगमध्ये राहतो आणि या विषयावर कधी तोंड उघडत नाही.

काकांचं नाक घडलं ते टू-स्ट्रोकच्या काळात. चेतक १९७२ साली आली तेव्हा ती मिळायला वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे, आणि मिळाल्यावर तिला रोज पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून पाजावं लागे, लिटरला २० मिली. ते ऑइल जळायचं, निळसर धूर निघायचा आणि त्या वासावर एक अख्खी पिढी कॉलेजात गेली. अशा माणसाला आजच्या गाड्या सपक वाटतात. आरएक्स हंड्रेड आणि येझदी या दोन्ही १९९६ साली बंद झाल्या. ते वर्ष काकांच्या हिशेबी सुतकाचं. या नाकाची एकच मर्यादा आहे. घरात दूध करपलं तर त्याला पत्ता लागत नाही. काकूंच्या मते ते फक्त दोन चाकांवर चालतं.

धुराच्या रंगाचं काकांचं शास्त्र मात्र पक्कं आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. फोर-स्ट्रोकमधून निळा धूर आला की ऑइल आत जाऊन जळतंय, पिस्टनच्या रिंगा गेल्या किंवा व्हॉल्व्हचे सील गेले. पांढऱ्याला ते घाबरत नाहीत. डिसेंबरात सकाळी तळमजल्यावरच्या सूनबाईंच्या स्कूटरमधून पांढरे लोट निघाले आणि त्या घाबरून ओरडल्या, तेव्हा काका वरूनच म्हणाले, "काही नाही, पाणी आहे! लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी होतं. थंडीत दिसतं, एरवी दिसत नाही!" सूनबाईंनी तेव्हापासून काकांच्या बोलण्यावर विश्वास ठेवणं सोडलं. वास्तविक हे त्यांचं सगळ्यात बिनचूक विधान होतं.

पण त्यांची कीर्ती झाली ती दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाच्या केसमुळे. हा मुलगा आयटीतला. साडेतीनशे सीसीची मोटारसायकल, लडाखला जायचं म्हणून पुढे हातभर रुंद काच, मागे दोन पेट्या, बाजूला नवा आखूड सायलेन्सर. प्रत्यक्षात तो आजवर ताम्हिणी घाट ओलांडून गेलेला नाही. त्याची तक्रार अशी की गाडी चालवताना धूर नाकात जातो, घरी आल्यावर डोकं धरतं, आणि आई विचारते, "स्टँडवर झोपला होतास का?" कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने कार्ब्युरेटर साफ करावा लागेल असं सांगितलं होतं. गाडीला कार्ब्युरेटर नव्हताच, इंजेक्शन होतं. पण त्या गॅरेजात सर्दी झालेल्या गिऱ्हाइकालाही कार्ब्युरेटरच साफ करायला सांगतात. सर्व्हिस सेंटरच्या पोराने स्कॅनर जोडला आणि म्हणाला, "काही येत नाहीये सर." धूर स्कॅनरमध्ये यायचा कसा, तो याच्या नाकात येत होता.

मग केस काकांकडे आली. काकांनी आधी गाडीला हात लावला नाही. खुर्ची मागवली.

"वास कधी येतो?"

"सारखाच येतो, काका."

"सारखा म्हणजे? सिग्नलला की पळताना?"

"पळताना. साठच्या पुढे जास्तच. सिग्नलला येतो तो पुढच्या बसचा असेल."

"शाब्बास! आपला धूर आणि दुसऱ्याचा धूर वेगळा ओळखणारा पेशंट लाखात एक. आता सांग, वास कसला? कच्च्या पेट्रोलचा, जळक्या ऑइलचा, की..." इथे काकांनी दोन्हीकडे पाहून आवाज खाली घेतला, "कुजक्या अंड्याचा?"

हा प्रश्न गमतीचा नव्हता. कच्चं पेट्रोल म्हणजे टाकीचं झाकण नाहीतर चिरलेली नळी. जळकं ऑइल म्हणजे इंजिनावरून थेंब थेंब गरम पाइपवर पडतंय. आणि तो तिसरा, ज्याचं नाव काका देवघराजवळ घेत नाहीत, तो बॅटरी जादा चार्ज होत असली तर येतो, नाहीतर धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून. मुलगा म्हणाला, तसलं काही नाही, साधा धुराचाच वास आहे. काकांचा चेहरा उजळला. "मग पोकळी आहे," ते म्हणाले. "उद्या सकाळी सातला ये. हेल्मेट आण. येताना उदबत्त्या आण."

दुसऱ्या दिवशीचा प्रयोग आमच्या सोसायटीच्या इतिहासात नोंदवण्याजोगा आहे. मुलगा हेल्मेट घालून बंद मोटारसायकलवर बसलेला. पुढे काकांचा टेबलफॅन, त्याची वायर तळमजल्याच्या स्वयंपाकघरातून ओढलेली. मागे सायलेन्सरच्या तोंडाशी उदबत्त्यांचा जुडगा घेऊन काका उकिडवे. पंखा तीनवर. तत्त्व असं की गाडी पळते तेव्हा हवा तिच्या दोन्ही अंगांनी फाटते आणि स्वाराच्या पाठीमागे कमी दाबाची पोकळी तयार होते. ती भरायला मागची हवा पुढे धावते आणि वाटेत सायलेन्सरचा धूर उचलून आणते. काच जितकी रुंद, पेट्या जितक्या मोठ्या, तितकी पोकळी मोठी. म्हणजे वारा तोंडावर लागू नये म्हणून ज्याने काच लावली, त्याच्या पाठीवरून धूर चढून नाकाशी येतो.

आणि खरंच, उदबत्तीचा धूर मागे जायच्या ऐवजी वळून मुलाच्या पाठीला चिकटला आणि हळूहळू मानेपर्यंत आला. "दिसला? दिसला?" काका ओरडले. तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजी हळदीकुंकवाची कोयरी आणि नारळ घेऊन बाहेर आल्या. नवी गाडी आणून कुणी पेढेसुद्धा देत नाही अशी त्यांची तक्रार होती. पंखा कशाला, असं त्यांनी विचारलं नाही; हल्लीच्या पूजांना काय लागेल सांगता येत नाही, असं त्या नंतर म्हणाल्या. कुंकू लावून झालं, नारळ फुटला, पाणी एका पेटीत गेलं. मुलगा हेल्मेटच्या आतून काहीतरी म्हणत होता, ते कुणाला ऐकू आलं नाही.

साधा हौशी माणूस इथे थांबला असता. काका थांबले नाहीत, म्हणूनच मी त्यांना वैद्य म्हणतो. पोकळी धूर ओढते हे खरं, पण मुळात धूर एवढा का, हा प्रश्न उरलाच होता. त्यांनी काकूंचं भांड्यांचं साबणपाणी आणलं आणि इंजिनातून सायलेन्सरची नळी जिथे निघते त्या सांध्यावर ओतलं. इंजिन थंड हवं, गरम सांध्यावर साबणपाणी क्षणात वाळून जातं. मग मुलाला गाडी चालू करायला सांगितली आणि स्वतः जाड हातमोजा घालून फडक्याने सायलेन्सरचं तोंड जरासं दाबलं. सांध्याशी फुर्रकन बुडबुडे आले. शेजारी काजळीचा काळा डाग होताच. तो आजवर सगळ्यांनी पुसला होता, पाहिला कुणी नव्हता.

"नवा सायलेन्सर बसवताना गॅस्केट जुनीच ठेवली ना?"

"गॅस्केट म्हणजे?"

काकांनी आकाशाकडे पाहिलं. ती तांब्याची बारीकशी कडी एकदा दाबली गेली की तिचं काम संपतं. सायलेन्सर काढला की ती बदलायची असते. फटीतून धूर बाहेर येतो आणि बाहेरची हवा आतही ओढली जाते. मग ऑक्सिजन सेन्सरला वाटतं, पेट्रोल कमी पडतंय. तो आणखी सोडायला लावतो. धूर वाढतो, मायलेज उतरतं. "आणि हा तुझा सायलेन्सर," काका म्हणाले, "मागच्या चाकाच्या आधीच संपतो. कंपनीने नळी शेपटापर्यंत नेली ती काय लोखंड जास्त झालं म्हणून?" असल्या जप्त सायलेन्सरांवर पोलिस रोड रोलर फिरवतात ते आवाजासाठी. काकांना ते नाकासाठीही मान्य आहे.

कडी नाना पेठेत मिळाली, चहा-क्रीमरोलच्या पैशात. जुना सायलेन्सर परत चढला, काच अर्ध्यावर आली. डोकं धरणं थांबलं. पेटीला अजून नारळाचा वास येतो.

इतकं नाक असलेला माणूस एका बाबतीत मात्र नाकावर विसंबत नाही, आणि तेव्हा काका विनोद करत नाहीत. धुरातला कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त ताकदीने चिकटतो. "वास येतो तो त्याच्या सोबत्यांचा," ते म्हणतात. "डोकं जड झालं, मळमळलं, तर गाडी बाजूला घ्यायची आणि उतरायचं. आणि बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून धूर तपासत बसायचं नाही. मी सगळं गेटबाहेर करतो, बघितलंस ना?" पंख्याचा प्रयोग आतच झाला होता, पण तेव्हा इंजिन बंद होतं, हे खरं.

उरली त्यांची स्वतःची चेतक. सुरू करण्याआधी ती अजूनही कलती करावी लागते. मार्च २००० पर्यंतच्या दुचाकींना पीयूसीत साडेचार टक्के कार्बन मोनॉक्साइडची सूट आहे. काका इंजिनाच्या मायेपोटी २० मिलीच्या जागी ३० मिली ऑइल घालतात, त्यामुळे ती निघाली की मागची तीन विंगची सोसायटी दिसेनाशी होते. पीयूसीवाला त्यांना पाहून शटर ओढतो, असं म्हणतात. त्या धुराला मात्र काकांच्या शास्त्रात दोष मानलेला नाही.

तुमच्या सोसायटीतही असे कुणी असतीलच. धूर नाकात येत असेल तर गाडी त्यांना जरूर दाखवा. सकाळी इंजिन थंड असताना न्या, साबणपाणी आपलं आपण न्या, आणि त्यांच्या स्कूटरचा विषय काढू नका.